मांजराचे दात



वसईच्या कोळीवाड्यात मासळीची टोपली उतरली की मांजरे आधी हजर! त्यांच्या तोंडात आज जरा डोकावू. पिल्लाला दुधाचे दात २६. सुमारे सहा महिन्यांत ते पडून कायमचे ३० येतात. आपल्याहून दोन कमी! परंतु खरा भेद संख्येत नाही. आपली दाढ जात्यासारखी दळते. मांजराचा जबडा आडवा हलत नाही. त्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांप्रमाणे मांस कापतात, आणि तुकडा तसाच गिळला जातो.

"आमची मनी फार नखरे करू लागली, बांगडा हुंगते नि निघून जाते," असे कोणी सांगितले की मला शंका येते ती दातांची. आपल्यासारखी कीड मांजराच्या दातांना सहसा लागत नाही. मात्र पुष्कळदा हिरडीच्या कडेशी दात विरघळून खड्डा पडतो, आणि तो विलक्षण दुखतो. तरी मांजर ओरडत नाही. दुखणे लपविणे हा त्याचा जातिस्वभाव. लाळ गळते, तोंडाला घाण येते, अंग चाटणे सुटते, एवढेच काय ते दिसते.

अशा वेळी लवंगेचे तेल लावू नका. मांजराला ते विषारी आहे. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. सरळ पशुवैद्य गाठा. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. मांजराला टोपलीत बसविणे तेवढे अवघड! दात काढावा लागला तरी भिऊ नका. बोळकी मांजरेही कुस्करलेली मासळी मजेत खातात.