कागदावर साखर कमी, अंगात जास्त
(बोरी अरब येथील मासिक बैठकीतलं बोलणं)

आज बचतीचा हिशोब नंतर. आधी माझी एक चूक सांगते.

आपल्यातल्या एका ताईंनी मला रक्ताचा कागद दाखवला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, एचबीए१सी. आकडा ५.८. मधुमेह ६.५ पासून धरतात, म्हणून मी खुशाल बोलून गेले, "ताई, साखर आटोक्यात आहे." त्यांनी गोळ्याच सोडल्या. महिन्याभराने उपाशीपोटी रक्त दिलं तर साखर १९०! उपाशीपोटी १२६ च्या पुढे गेली की मधुमेह. मग कोणता कागद खोटा?

मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं.

रक्ताच्या लाल पेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. साखर त्याला चिकटते, आणि किती चिकटली तेच ही तपासणी मोजते. तुरीच्या मळणीला दिवसभर उभ्या राहिलात तर लुगडं धुळीने भरतं, घटकाभर थांबलात तर थोडीच धूळ बसते. धूळ तेवढीच, उभं राहणं कमी. चांगली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलचा आजार असला तर १०-२० दिवसांत मोडते. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा कमी येतो.

त्या ताईंना सिकलसेल आहे. कार्ड पेटीत, लुगड्यांच्या खाली. लेकीचं लग्न व्हायचंय, म्हणून कोणाला सांगितलं नाही. रागवू कशी?

हा दोष आईबापाकडून येतो. दोघांकडून आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, पण काही मशीनवर त्याचाही आकडा चुकतो. आपल्या विदर्भात गोंड, परधान, कोलाम, बौद्ध आणि इतरही समाजांत हा दोष आहे. कोणाच्या पापाने येत नाही बरं.

उलटंही होतं. लोह कमी पडून रक्त कमी असेल तर हाच आकडा उगाच वाढू शकतो. हिरड्यांत पू, पायाची न भरणारी जखम, असा जुना दाह अंगात असला की साखर खरोखरच चढते, आणि शरीर लोह कोंडून ठेवतं. मग गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही. पण सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या.

तर रक्त द्यायच्या आधीच सांगायचं: मला सिकलसेल आहे, मी वाहक आहे, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर मागून घ्यायची. आणि आकडा चांगला दिसला म्हणून गोळी सोडायची नाही, माझ्यासारखीने सांगितलं तरी.

ताईंनी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या परत सुरू केल्यात. लेकीची तपासणी अजून राहिली आहे, बुधवारी मी सोबत जाणार आहे. अजून कोणाचं कार्ड पेटीत असेल तर बैठकीत नका सांगू. बाहेर चपला घालताना माझ्या कानात सांगा.