फेर पूर्ण व्हावा

(चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी येथे पालक, शिक्षिका व कार्यकर्ते यांच्यासमोर ‘कन्याशाळेतील वार्षिक परंपरा’ या विषयावर झालेल्या भाषणाचा संपादित अंश.)



ज्या गावात गोकुळेश्वराची बारव आणि यादवकालीन मंदिरे आजही उभी आहेत, तेथे परंपरा म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको. ही मंदिरे चुन्याशिवाय, दगडाला दगड सांधून उभी केलेली आहेत. अशा बांधणीत एक दगड निखळला की शेजारचा सैल होतो. समाजाची बांधणीही याच जातीची असते.

कन्याशाळेचे वर्ष पाहा. आषाढात गुरुपौर्णिमा, श्रावणात सीमेवरच्या जवानांसाठी राख्या. ५ सप्टेंबरला मुलीच शिक्षिका होऊन शाळा चालवतात. आश्विनात शारदापूजन आणि भोंडला, विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला राजमाता जिजाऊंची. संक्रांतीनंतर मातांचे हळदीकुंकू, मग स्नेहसंमेलन, आनंदमेळा, शेलापागोटे आणि शेवटी दहावीच्या मुलींचा निरोप समारंभ. हे सारे अभ्यासाच्या वेळेतून काढलेले खेळ आहेत, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती मुली हातात हात धरून फेर धरतात आणि शेवटी खिरापत वाटून खातात, तेव्हा तो हात कोणत्या आळीतला, ती खिरापत कोणत्या घरची, हा प्रश्नच उरत नाही. समरसतेवर शंभर व्याख्याने देऊन जे साधत नाही, ते त्या एका फेरात साधते.

हे भाग्य आपल्याला सहजासहजी लाभलेले नाही. पुण्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८८४ साली हुजूरपागेची कन्याशाळा सुरू झाली. आपला मराठवाडा मात्र निजामाच्या अमलाखाली होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून. आणि ‘गश्ती निशान ५३’ या हुकमामुळे साधी सभा भरवायलाही आधी परवानगी काढावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते जोखड उतरले. जेथे माणसांच्या एकत्र येण्यावर पहारा होता, त्याच भूमीत आज मुली निर्भयपणे मंचावर उभ्या राहतात.

पण आज मला कौतुकापेक्षा वेगळेच काही सांगायचे आहे. फेर धरलेल्या मुली आपल्याला दिसतात. फेराबाहेर राहिलेल्या दिसत नाहीत.

त्यांतली पहिली आहे ऊसतोड मजुराची मुलगी. दसरा-दिवाळी उलटली की आई-बापांबरोबर तीही कोयता बांधून निघते. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम रंगते, तेव्हा ती कोपीत धाकट्या भावाला सांभाळत असते. तिच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण नाव नोंदवण्याची वेळ दसऱ्यापूर्वीची असते, जानेवारीतली नव्हे.

दुसरी मुलगी शाळेत असते, पण तिची आई हळदीकुंकवाला येत नाही. कारण ती विधवा आहे. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या आपल्या भागात अशा माता थोड्या नाहीत. आपल्या आईला बोलावणे नाही, हे त्या मुलीला कोणी समजावून सांगावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो राज्यापुढे आदर्श म्हणून ठेवला. जे एका गावाला जमले, ते एका शाळेला का जमू नये? तिळगूळ आणि वाण प्रत्येक आईच्या हाती पडले, तर आपली कोणती परंपरा बुडणार आहे? उलट, तिच्यात आईपणाचा मान वाढेल.

तिसरी मुलगी लग्न होऊन गेलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९ ते २०२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झाले होते. राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे. जिजाऊंच्या जयंतीला भाषण करणारी मुलगी वैशाखात बोहल्यावर उभी राहत असेल, तर टाळ्या वाजवणारे आपणही त्यात सहभागी आहोत. दहावीचा निरोप हा शाळेचा निरोप असावा, शिक्षणाचा नव्हे.

सणाला कर्तव्याची जोड कशी द्यावी, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पुढे त्याच संस्थेने भाऊबीज निधीची प्रथा पाडली. घरोघरी जाऊन भावाची ओवाळणी मागायची आणि ती बहिणींच्या शिक्षणाला लावायची. सण तोच राहिला, नातेही तेच. फक्त बहीण या शब्दाचा अर्थ घराच्या उंबऱ्याबाहेर विस्तारला.

आपणही एवढे करू शकतो. दसऱ्यापूर्वी प्रत्येक वर्गातील स्थलांतर करणाऱ्या घरांना भेटा. आनंदमेळ्यातील मिळकत एखाद्या मुलीच्या अकरावीच्या शिक्षणासाठी ठेवा. निरोप समारंभात वडिलांनाही बोलवा आणि लेक पुढे कोठे शिकणार, हे त्यांच्याच तोंडून सर्वांसमक्ष वदवून घ्या. बालविवाहाची चाहूल लागली तर १०९८ या क्रमांकावर कळवण्यात गावाची बदनामी नाही. गप्प बसण्यात मात्र ती आहे.

परंपरा किती जुनी, यावर तिचा मोठेपणा ठरत नाही. ती किती जणांना कवेत घेते, यावर ठरतो. पुढच्या आश्विनात शाळेच्या अंगणात हत्तीचा पाट मांडाल, तेव्हा फेर सुरू करण्याआधी हजेरीपट घ्या, गैरहजर मुलींची नावे वाचा आणि त्यांच्या घरी जाऊन या. संघटन म्हणतात ते याहून निराळे नाही.