वाचनालयात गवसलेला रणगौरव
(ओवे, ता. पनवेल येथे वाचनालय कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या ऐतिहासिक संग्रहात मला 'द टायगर ट्रायम्फ्स' हा ग्रंथ गवसला. तो १९४६ साली हिंदुस्थान सरकारसाठी लंडनहून प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या हिंदी डिव्हिजनचा हा गौरवग्रंथ. दृष्टी अर्थातच राज्यकर्त्यांची. म्हणून तो वाचताना इटलीच्या नकाशाशेजारी आपल्या जिल्ह्याचाही नकाशा ठेवावा.

कारण त्या रणांगणावर आपल्या रायगड जिल्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याचा, माणगाव तालुक्यातील पळसगावचा एक बावीस वर्षांचा तरुण होता. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा पायदळाची तिसरी पलटण. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील सर्व सहकारी मृत वा घायाळ झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, चालविणाऱ्यास लोळविले, आणखी एकास गोळी घातली. काडतुसे भरण्यास अवधी नव्हता; तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केले. नंतर छातीत आणि पाठीत गोळ्या लागून ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कोठेही नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली त्यांचे स्मारक उभारले. आपल्याकडे माणगावला पुतळा आहे. तो किती जणांनी थांबून पाहिला, हे ज्याचे त्याने ठरवावे!

कोणी म्हणेल, परक्या राजाच्या चाकरीतील मरणाचा गौरव कशाला? प्रश्न रास्त आहे, टाळू नये. परंतु ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर, हाताला जखम झालेली असताना, नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव उघड्यावर उभे राहून सहकाऱ्यांना पुढे बोलावीत होते, ते मराठ्यांच्या रणघोषाने. आणि घाडग्यांची तीच तिसरी पलटण १९४८ साली स्वतंत्र भारतासाठी काश्मीरमध्ये झांगरच्या लढाईत उतरली. इटलीत कमावलेले रणकौशल्य अखेर मातृभूमीच्याच कामी आले.

आता आपल्या कामाचे. जीर्ण इंग्रजी पुस्तके रद्दीत काढताना युद्धकाळातील पुस्तके बाजूला ठेवा. दाखलनोंद आणि शिक्का तपासा. ओवे, खारघर, तळोजे परिसरातील ज्या घरांत आजोबा-पणजोबांची पदके, सेवापुस्तिका वा निवृत्तिवेतनाचे कागद असतील, तेथे आवर्जून जा. नाव, गाव, पलटण आणि क्रमांक उतरवून घ्या. मूळ कागद मात्र मागू नका. ते त्या घराचे आहेत. छायाप्रत पुरेशी आहे.