मोटर जळण्यापूर्वी मीटर लावून पाहा



भातकापणी झाली की बदलापूर-अंबरनाथकडे उल्हास नदीच्या काठाने भेंडी-काकडीचे मळे उभे राहतात, आणि मोटरी जळायलाही तेव्हाच सुरुवात होते. मग मोटर उल्हासनगरला रिवाइंडिंगला न्यायची. चार-आठ दिवस पाणी बंद. फुलावर आलेली भेंडी माना टाकते.

बदलापूरजवळच्या एका मळ्यात मी गेलो होतो. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर, दोन वर्षांत तीनदा जळलेली. बोर्डावर व्होल्टेज मोजले, २२५. मालक म्हणाले, "साहेब, लाईट तर बरोबर आहे!" पंप चालू ठेवून मोटरीच्या टर्मिनलपाशी मोजले, तर २०७. मधले १८ व्होल्ट गेले कुठे? वायरीत. विहीर १०० मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन २०० मीटर तांब्याची दीड एमएमची तार. तिचा रोध सुमारे २.४ ओहम. मोटर घेते साडेसात अँपिअर. गुणाकार करा, १८ येतात. तार आणि मोटर एकसर जोडणीत असतात. एका पाटाचे पाणी जावे तसा दोन्हींतून करंट तोच जातो, व्होल्टेज मात्र वाटले जाते.

इतक्यात त्यांच्या भावाने त्याच वायरीच्या टोकाला समांतर जोडलेला आपला पंप सुरू केला. समांतर जोडणीत करंटची बेरीज होते. वायरीतून १५ अँपिअर जाऊ लागले, तूट दुप्पट झाली, मीटर १८८ वर आला आणि मोटर घुमू लागली. व्होल्टेज पडले की भाराखालची मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. इथे चार एमएमची तार असती, तर दोन्ही पंप चालवूनही १४ व्होल्टच गेले असते.

सांधेही तपासा. टेपखालच्या सैल सांध्याचा रोध एक ओहम जरी असला, तरी साडेसात अँपिअरला ५६ वॅट उष्णता होते. साठचा बल्ब टेपमध्ये गुंडाळल्यासारखेच झाले की!

आता मोजायचे कसे? व्होल्टेजसाठी मीटर समांतर, म्हणजे दोन टर्मिनलांवर दोन पिना. करंटसाठी चिमट्याचा क्लॅम्प मीटर बरा, तार तोडावी लागत नाही. मात्र चिमट्यात एकच तार घ्या; दोन्ही घेतल्या तर शून्य दिसेल. साधा मीटर अँपिअरच्या खुणेवर ठेवून दोन टर्मिनलांना कधीही लावू नका. त्याचा रोध नगण्य असतो, सरळ शॉर्ट होऊन मीटर हातात फुटेल. रोध मोजताना मेन स्विच बंद, मोटरीच्या तारा सुट्या, आणि कपॅसिटर रिकामा केलेला हवा. लाईट गेल्यावरही तो झटका देतो, बरं का. कॉइलचा रोध चार-पाच ओहमच दिसला, तर मोटर बिघडली असे समजू नका.

चालू लाईनवरचे मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आपण शेजारी उभे राहून दोनच आकडे वहीत लिहा: पंप चालू असताना बोर्डावरचा आणि मोटरीपाशी असलेला.