छाटणीची तारीख

द्राक्षवेल ही मूळची हिवाळ्यात निजणारी. जर्मनीतील आर नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात ती टिकली ती डोंगरउताराच्या आधाराने. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर ऊन अधिक सरळ पडते, पाटीच्या काळ्या दगडात दिवसाची ऊब साठते आणि रात्री ती वेलीला मिळते. तेथेही छाटणी होते. पण ती निजलेल्या वेलीची. शेतकऱ्याची विवंचना असते ती उन्हाची.

नाशिकच्या बागाईतदाराचे कोडे याच्या अगदी उलट आहे. येथे ऊन उदंड. उणीव आहे ती हिवाळ्याची. मोकळी सोडलेली वेल बारा महिने पाला वाढवील; फळ मात्र थोडेच देईल. म्हणून येथे हिवाळ्याचे काम कात्री करते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. उन्हाळ्याच्या प्रकाशात नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत घडाचा सूक्ष्म गर्भ धरतो. पावसाळा सरता सरता फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्च या काळात घड तोडणीस येतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबादेची द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात, असे लिहून ठेवले. आजचा शेतकरी वेल दोनदा छाटतो, पण पीक एकच घेतो.

1997 च्या सुमारास नाशिकजवळ वायनसाठी शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशा जातींची लागवड झाली. 2001 साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा व गोड असला म्हणजे पुरे. वायनच्या द्राक्षात मात्र गोडीबरोबर आंबटपणाही टिकावा लागतो आणि तो टिकतो थंड रात्रींमुळे. येथेच फळछाटणीच्या तारखेचा पेच पडतो. ती लवकर धरली, तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर केवडा रोग आणतो. उशीर केला, तर फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकते आणि आंबटपणा उतरतो. या दोहोंमधल्या मोजक्या दिवसांवर शेतकऱ्याचे वर्ष टांगलेले असते.

हे दिवस पंचांग सांगत नाही, आणि आता पाऊसही आपली वेळ पाळत नाही. जुलै 2021 मध्ये आर नदीच्या महापुराने तिच्या काठची गावे उद्ध्वस्त केली. उताराने ऊन दिले, पण पाण्यापासून रक्षण केले नाही. अशा वेळी एकट्याचे ज्ञान अपुरे पडते. आर खोऱ्यातील मायशॉस गावच्या द्राक्षउत्पादकांनी 1868 मध्येच सहकारी संस्था काढली. महाराष्ट्रातही द्राक्ष बागाईतदारांचा राज्यव्यापी संघ उभा आहे. कात्री ज्याच्या त्याच्या हातात असते; पण ती केव्हा चालवावी, हे शहाणपण पुष्कळांच्या अनुभवातूनच येते.