सिंहलद्वीपांतील गोमंतकीय मिशन



मिशनरी म्हटला कीं गोरा परदेशी आपल्या डोळ्यांपुढें येतो. ज्यांच्याविषयीं आज बोलणार आहें ते संत जोसेफ वाझ १६५१ सालीं बाणावली येथें जन्मले. १६८७ सालीं ते सिंहलद्वीपांत उतरले, तेव्हां किनारपट्टी डचांच्या ताब्यांत असून कॅथॉलिक धर्मगुरूंस तेथें बंदी होती. पाठीशीं ना राजसत्ता, ना द्रव्य. म्हणूनच, माझ्या मतें, ती सेवा इतकी निर्मळ राहिली. भिकाऱ्याच्या वेषांत, रात्रीच्या वेळीं, ते घरोघर संस्कार देत. १६९२ सालीं कँडीस जातांच हेर समजून त्यांस बंदींत टाकलें. तेथेंच ते सिंहली भाषा शिकले.

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. घरचींच माणसें रोग्यांस रानांत सोडूं लागलीं. फादर वाझ व त्यांचे आप्त फादर कार्व्हाल्हो यांनीं झोंपड्या उभारल्या, व्रण धुतले, अन्न भरविलें, प्रेतें पुरलीं. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, हें त्यांनीं पाहिलें नाहीं.

दुसरी बाजू फारसें कोणी सांगत नाहीं. धर्मगुरू थोडे, म्हणून गांवोगांव प्रार्थना चालविण्यास त्यांनीं प्रापंचिकांसच नेमिलें. (आपल्यांतील प्रार्थनाप्रमुखांनीं हें ध्यानांत घ्यावें.) १७०५ सालीं आलेल्या फादर जाकोम गोन्साल्विस यांनीं सिंहली व तामिळ भाषांत ग्रंथ रचले.

फादर वाझ गोव्यास परतले नाहींत. १६ जानेवारी १७११ रोजीं ते कँडी येथें निवर्तले. पोप फ्रान्सिस यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं त्यांस संतपद दिलें, तेंही कोलंबो नगरींत.