शिक्षा आणि भरपाई



छडीने मूल गप्प होते. परंतु ज्याचे पुस्तक फाडले गेले, त्याच्या हाती त्याने काहीच येत नाही.

सन १९७४ मध्ये कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायाधीशांनी त्यांस नुकसान झालेल्यांच्या दारी पाठविले व भरपाई करावयास लाविले. पुढे सन १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातील शाळांत ही रीत शिरली. तेथे अपराधी, दुखावलेला, उभयतांचे आईबाप व शिक्षक एकत्र बसतात. काय घडले, कोणास इजा झाली, ती कशी भरून काढावयाची, एवढेच प्रश्न विचारले जातात.

आपल्या देशात सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील मारहाणीस व मानसिक छळास बंदी केली. छडी गेली आणि शिस्तही गेली, असे कित्येक आईबाप म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. मार सोसून सुटणे सोपे आहे. ज्यास दुखविले, त्याच्यापुढे उभे राहून भरपाई करणे कठीण. मात्र दुखावलेल्या मुलावर क्षमेची सक्ती होता कामा नये. त्याची तयारी नसेल, तर बैठक भरवू नये.

ही कठीण शिस्त आपण आपल्या लेकरांस लावावी, एवढीच आमची विनंती आहे.